‘बिचारं’ हे निदान नाही

मॅडमच्या दवाखान्यात दोन शब्दांना बंदी होती. एक ‘बिचारं’ आणि दुसरा ‘गोड’.

मला ते माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी एक लंगडणारी शेळी आली आणि माझ्या तोंडून ‘बिचारी!’ निघून गेलं. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“कुठल्या पायानं लंगडतेय?”

“पुढच्या डाव्या.”

“परत बघ.”

शेळीवाल्यानं तिला दारासमोर इकडून तिकडे चालवलं. मी परत म्हणाले, डावा.

“डावा पाय टेकला की डोकं खाली जातंय बघ. म्हणजे भार डाव्यावर टाकतेय. दुखतोय तो उजवा. तू ‘बिचारी’ म्हणालीस आणि तिथंच बघायची थांबलीस. ‘बिचारी’ हे निदान नाही.”

उजव्या खुरात खिळा निघाला.

मी तेव्हा पशुवैद्यकाची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. मला वाघ-हत्तींची डॉक्टर व्हायचं होतं आणि पाच वर्षं मी गाई, म्हशी, कोंबड्या शिकले होते. प्राणिसंग्रहालयांत जागा निघतच नव्हत्या. आमच्या एका सरांनी सांगितलं, “भिवंडीजवळ शेलारला एक बाई आहेत. वीसेक वर्षं झूमध्ये डॉक्टर होत्या. मधेच सगळं सोडून तिथं जाऊन बसल्यात, का ते कुणाला सांगत नाहीत. विक्षिप्त आहेत, पण टिकलीस तर शिकशील.” म्हणून मी कल्याणहून रोज रिक्षानं शेलारला जायला लागले.

दवाखाना म्हणजे कापड विणणाऱ्या लूमच्या शेडला लागून काढलेली पत्र्याची खोली. भिंतीपलीकडे दिवसभर खटाखट चालू. माणसाचं बोलणंच ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, तिथं जनावराच्या काळजाचे ठोके कुठून ऐकायचे? मॅडमनी त्यावर तोड काढली होती. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणून छाती तपासायची जनावरं शुक्रवारी. मालकांनाही सवय झाली होती. “हमारी भैंस जुम्मेवाली है,” असं एक तबेलेवाला अगदी सहज म्हणायचा. बाकीच्या दिवशी मॅडम श्वास डोळ्यांनी मोजायच्या. बरगडी किती उचलते, नाकपुडी कशी हलते, हे दहा हातांवरून बघून त्या आकडा सांगत. मी शुक्रवारी स्टेथोस्कोप लावून ताडून बघत असे. त्या चुकलेल्या मला आठवत नाहीत.

अंगात कायम एक ढगळ खाकी जॅकेट, त्याला मोठाले खिसे, आणि दोन्ही हात त्या खिशांत. जनावर आलं की मॅडम स्टूल ओढून लांब बसत. पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावायचा नाही, हा नियम. माझे हात शिवशिवले की म्हणत, “खिशात घाल. हात पुढे गेले की डोळे मागे राहतात.” त्या वेळात त्या मालकाला प्रश्न विचारत. काल काय खाल्लं? कुठल्या कुशीवर झोपतं? पाणी पिताना आवाज येतो का? नवीन शेजारी कोण आलं? लोक वैतागायचे. एकदा एक टेम्पोवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, त्या डॉक्टर हायत का पोलीस?”

सलीमभाई हे शेजारच्या शेडचे जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. मूळचे आझमगढचे. त्यांनी शेडमध्ये उंदरांसाठी एक मांजर पाळलं होतं. एका सकाळी ते तिला बनियनमध्ये गुंडाळून घेऊन आले.

“मॅडमजी, तीन दिन से उल्टी. पानी भी नहीं रुकता.”

मी उलटी थांबायच्या इंजेक्शनची बाटली फोडायलाच निघाले होते. मॅडम स्टुलावरून म्हणाल्या, “ती जबडा कसा हलवतेय? चावतेय की गिळतेय?”

मी बघितलं. मांजर सारखं गिळत होतं. तोंडात काही नसताना.

“सलीमभाई, तिच्याभोवती तुमच्याकडे काय पडलेलं असतं?”

“सूत, मॅडमजी. और क्या!”

“जिभेखाली बघ,” त्या मला म्हणाल्या. जिभेच्या मुळाशी पांढरा दोरा वेढून रुतला होता आणि त्याचं दुसरं टोक घशातून खाली उतरलं होतं. मी आनंदानं चिमटा उचलला.

“ओढू नकोस!” मॅडम पहिल्यांदाच ओरडल्या. “आतडं त्या दोऱ्यावर झालरीसारखं गोळा झालंय. ओढलास तर दोरा करवतीसारखा कापत येईल. पोट उघडावं लागेल. तू उघड.”

“मी?”

“मग काय सलीमभाई?”

मी त्याआधी एकटीनं कधी पोट उघडलं नव्हतं. मॅडम माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या, हात खिशात, आणि एकेक पाऊल सांगत गेल्या. मांजर वाचलं. मला वाटलं, शिकवायची ही त्यांची पद्धत असणार. नंतरही प्रत्येक वेळी त्या म्हणत, “तू कर,” आणि मी तेच समजत राहिले.

त्यांचं कुतूहल मात्र दवाखान्यापुरतं नव्हतं. दापोड्याच्या एका गोडाऊनमधून फोन आला. छताच्या अँगलवर घुबडांची जोडी बसते, मालावर घाण पडते, घेऊन जा. आम्ही गेलो. सुपरवायझर चिडलेला होता. कामगार तिथं जायला घाबरतात, अपशकुनी पाखरू आहे, वगैरे. मॅडमनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी खाली पडलेल्या काळ्या, सुक्या गोळ्या माझ्याकडून कागदावर गोळा करून घेतल्या आणि सरळ त्याच्या टेबलावर ठेवायला लावल्या.

“अहो, माझं टेबल आहे!”

“पाच मिनिटं. ही विष्ठा नाही. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि जे पचत नाही ते असं ओकून टाकतं. तुम्हाला बघायचंय, तुमच्या गोडाऊनमध्ये काय आहे ते?”

मी दोन चिमट्यांनी गोळा सोडवायला लागले. केसांच्या पुंजक्यातून एक इवलीशी कवटी निघाली. मग दुसरी. मग जबडा, त्यात पिवळे दात शाबूत. सुपरवायझर आधी खुर्ची मागे सरकवून बसला होता. तिसऱ्या कवटीला तो पुढे वाकला. पाचव्याला त्यानं स्वतः चिमटा मागितला. तासाभरानं त्याच्या टेबलावर कवट्यांची रांग लागली होती आणि तो हमालांना बोलावून बोलावून दाखवत होता, “ये देखो, ये सब अपने माल में घुसनेवाले थे!” घुबडांच्या खाली एक जुनी ताडपत्री बांधली गेली आणि पाखरं तिथंच राहिली. परतताना मॅडम रिक्षात म्हणाल्या, “माणसाला दया यायला वेळ लागतो. नवल लगेच वाटतं. आपण नवलापासून सुरुवात करावी.”

झूबद्दल त्या आपणहून फारसं बोलत नसत. मी खोदून विचारायची. एकदा मी विचारलं, झूमध्ये डॉक्टर व्हायला काय यावं लागतं? मला वाटलं, त्या परीक्षांची, अभ्यासक्रमांची नावं सांगतील.

“अपमान सहन करता यावा लागतो,” त्या म्हणाल्या.

“कोणाचा?”

“जनावरांचा. तुला वाटत असेल, वाघ आपल्याला ओळखेल, प्रेमानं बघेल. ओळखतो! तू सुई टोचणारी आहेस म्हणून ओळखतो. मी साड्या बदलून बघितल्या, ड्रेस घालून गेले, कीपरची टोपी घालून गेले. वाघीण माझ्या पावलांवरून ओळखायची आणि मी वळणावर असतानाच गुरगुरायला लागायची. कीपर गेला की तीच जाळीला अंग घासायची. वीस वर्षं ज्यांच्यासाठी राबले, त्यातला एकही मला बघून खूश झाला नाही.” मग म्हणाल्या, “एक अस्वल होतं. मी सुट्टीच्या दिवशी नुसते शेंगदाणे घेऊन त्याच्यासमोर बसायची. दोन वर्षांनी त्यानं पाठ करून बसायचं सोडलं. माझ्या नोकरीतली बढती म्हण ती.”

आणखी एक सांगायच्या. कीपरशी भांडू नकोस. जनावर दुखणं डॉक्टरपासून लपवतं. अशक्त दिसलो तर मारले जाऊ, हे त्याच्या रक्तातच असतं. पण रोज खाणं घालणाऱ्याला ते कळतं. “कीपर म्हणाला, आज हत्तीचं काहीतरी वेगळंय, तर रक्त तपासायच्या आधी ते लिहून घे.”

आज मी एका प्राणिसंग्रहालयात आहे. हत्ती माझ्या वाट्याला आला नाही. हरणं, मगरी आणि एक म्हातारा बिबट्या आहे. बिबट्या मला बघून पाठ करतो. मॅडमनी आता काम थांबवलंय, त्या पुण्याला भाचीकडे असतात. मी फोन केला की ‘कशी आहेस’ वगैरे काही नसतं. “बिबट्या कुठल्या कुशीवर झोपतोय?” इथून सुरुवात.

पण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या सोमीताईमुळे.

सोमीताई शेलारच्या पलीकडच्या डोंगरावरच्या पाड्यात राहायची. थोडी नाचणी, चार बकऱ्या, बाकी मजुरी. ती एका दुपारी दवाखान्यात आली, बरोबर जनावर काहीच नाही. ती सगळ्यांनाच ‘तू’ म्हणायची, मॅडमनाही.

“डॉक्टरीणबाय, तरस हाय. गल्यात तार रुतलीय. वास येतो तिचा लांबून.”

मॅडमनी स्टूल पुढे ओढलं. म्हणजे आता प्रश्न. सोमीताईनं पाच-सहा उत्तरं दिली आणि मग ती म्हणाली, “तू बोलतेस लय. चल की बघायला.”

डोंगराच्या एका अंगाला गोडाऊनसाठी मुरूम खणून उघडं केलं होतं आणि त्याच्यापलीकडे मेलेली गुरं टाकायची जागा. पहाटे उजाडताना तरस तिथं येत असे. आम्ही तीन दिवस पहाटेच जाऊन झुडपांआड बसलो. पहिले दोन दिवस मला फक्त मान वाकडी धरून चालणारं एक पट्ट्यापट्ट्यांचं जनावर दिसलं. रानडुकरांसाठी कुणीतरी मोटारसायकलच्या क्लचवायरचा फास लावला होता, तो तुटून त्या जनावराच्या गळ्यात राहिला होता आणि मांसात उतरत चालला होता. मी मनातल्या मनात तो बंदी असलेला शब्द म्हटला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी दुर्बीण माझ्या हातात दिली. “पोटाखाली बघ.”

आचळं भरलेली होती.

“पिल्लं हायत,” सोमीताई म्हणाली. “मी बोललीच नाय, तू इचारलंच नाय.”

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. आणि मग हसल्या. सगळं विचारणाऱ्या बाईंचा एवढा एक प्रश्न राहून गेला होता.

आम्ही वनखात्याला कळवलं. तिथले साहेब चांगले होते, पण त्यांना नियमाप्रमाणे जायचं होतं. पिंजरा लावू, पकडू, उपचार केंद्रात पाठवू, महिनाभरात बरी होईल.

“आणि पिल्लं?” मॅडमनी विचारलं.

“शोधू ना मॅडम.”

“डोंगरातल्या कपारीत? तुम्ही शोधेपर्यंत ती उपाशी मरतील. तार इथंच काढू. शुद्धीवर आली की इथंच सोडू.”

“आणि मेली तर? पेपरवाले मला विचारतील.”

“लिहून देते.”

साहेबांनी वरून परवानगी काढली, आणि मॅडमनी खरंच लिहून दिलं. मजकूर मला सांगितला, मी लिहिला. सही त्यांनी केली. ती सही मी बघितली. अक्षरं पाण्यावर लिहिल्यासारखी हलली होती. इतके महिने मी त्यांना काही लिहिताना बघितलंच नव्हतं. चिठ्ठ्या मी लिहायचे, टाके मी घालायचे, सलाईन मी लावायचे. मला एकदम सगळं कळलं.

विषय त्यांनीच काढला. संध्याकाळी पिंजरा लावून डोंगर उतरताना त्यांनी दोन्ही हात खिशातून काढून माझ्यासमोर धरले. बोटं थरथरत होती, उजवी जास्त.

“झूमध्ये सुरू झालं. एका काळविटाच्या मानेतली शीर शोधत होते. सुई तीनदा हुकली. काळवीट धडपडून गेलं. लोक म्हणाले, घाबरून मेलं, हरणं मरतात अशी. खरंय, मरतात. पण मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. उद्या तार तू कापायचीस.”

“मॅडम, मी तरस पुस्तकात बघितलंय फक्त.”

“तीन दिवस बघतेयस की! वजन किती?”

“पस्तीस किलो.”

“ती पुस्तकातली झाली. ही?”

मी डोळे मिटून तिच्या बाहेर आलेल्या कण्याचा विचार केला. “अठ्ठावीस.”

“त्याप्रमाणे औषध भर.”

क्लचवायर साध्या कात्रीनं तुटणार नव्हती. सलीमभाईंनी लूमच्या तारा कापायचं आपलं कटर दिलं. मी ते दोनदा उकळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती पिंजऱ्यात होती. मॅडम भुलीची सुई मारायची फुंकणी घेऊन जमिनीवर पालथ्या झोपल्या, नळीला आधार म्हणून खाली दगड ठेवला. फुंकणीला हात लागत नाही, श्वास लागतो. एका फुंकेत सुई मांडीत गेली. दहा मिनिटांनी तरस डुलली आणि आडवी झाली. आम्ही तिला ताडपत्रीवर घेतलं, डोळ्यांवर ओला पंचा टाकला. सोमीताईनं डोकं धरलं.

वास असा, की वनखात्याचा एक माणूस बाजूला जाऊन ओकला. तार तीन ठिकाणी मांसाच्या आत गेली होती. मी कातडी बाजूला करत एक जागा कापली. मग दुसरी. तिसरी कानामागे, शिरेला अगदी चिकटून. मॅडम तिच्या पोटाशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि श्वास मोठ्यानं मोजत होत्या. “दोन... तीन... चार...” मिनिट झालं की परत एकपासून. आकडे हळू होत चालले, हे मला हात चालवतानाही कळत होतं.

“मॅडम, उठवायचं इंजेक्शन देऊ?”

“तार निघाली?”

“एक जागा राहिलीय.”

“मग तार बघ. श्वास मी बघतेय.”

“पाच,” त्या म्हणाल्या. आणि मग काहीच म्हणाल्या नाहीत. माझा हात थांबला. साहेब दोन पावलं पुढे आले. सोमीताईनं माझ्याकडे बघितलं.

मॅडमची नजर बरगडीवरून हलली नव्हती. “काप,” त्या म्हणाल्या.

मी कापली. तार पुवासकट बाहेर आली.

“सहा,” मॅडम म्हणाल्या.

मी जखम धुतली, औषध भरलं, इंजेक्शनं दिली. तिला परत पिंजऱ्यात ठेवलं. ती आधी कान हलवायला लागली, मग डोकं, मग पडत-झडत उभी राहिली. पूर्ण ताळ्यावर यायला दोन तास गेले. ऊन चढलं होतं. साहेबांनी दोरीनं पिंजऱ्याचं दार वर ओढलं. ती लगेच बाहेर आली नाही. नाक बाहेर काढून वास घेतला. मग खाली मान घालून निघाली, सरळ, न धावता. उघड्या मुरुमावरून, झुडपांतून, वरच्या खडकांकडे. एकदाही मागे बघितलं नाही.

सगळे सामान आवरायला लागले. मॅडम उभ्याच. मी हात धुऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात वर नेण्याची त्यांना लाज वाटत असावी.

“झूमध्ये किती जनावरं बरी केली मी,” त्या म्हणाल्या. “बरं झालं की ते परत पिंजऱ्यात जायचं. वाईट नव्हतं तिथं, सांभाळायचे लोक. पण बरं होऊन निघून जाताना मी आज पहिल्यांदा बघितलं गं.”

मी त्यांचं कोपर धरलं आणि आम्ही तसंच उतरलो.

आठवडाभर काही बातमी नाही. मॅडम रोज सकाळी दारातून डोंगराकडे बघायच्या आणि आत यायच्या. नवव्या की दहाव्या दिवशी, दवाखान्यात शेळ्यांची गर्दी असताना, सोमीताई आली. चालून चालून धापा टाकत होती.

“दोन हायत. कपारीच्या तोंडाशी. पीत हुती.”

“दोन्ही?” मॅडम ओरडल्या, लूमच्या वरताण. “उभी राहून पाजत होती की आडवी होऊन? मान सरळ धरते का? पिल्लांची पोटं भरलेली होती?”

“बाय, चल ना तू. लांबून दावते.”

मॅडमनी एकदा बाहेरच्या रांगेकडे बघितलं. एकदा माझ्याकडे. मग दुर्बीण गळ्यात अडकवली आणि सोमीताईच्या पुढेच निघाल्या. सत्तरीकडे झुकलेली बाई इतक्या झपाझप चालू शकते, हे मला नवीन होतं.

रांगेत पहिला एक म्हातारा बकरी घेऊन उभा होता. त्यानं रस्त्यावर लांब जाणाऱ्या मॅडमकडे बघितलं आणि मग आत माझ्याकडे.

“डॉक्टर तो गयी. अब?”

“आहे ना डॉक्टर,” मी म्हणाले. “बसा. काल काय खाल्लं हिनं?”